वेष्टणासकट काढलेली गाठ

गुदाशयातली कर्करोगाची गाठ काढली, तरी पूर्वी अनेकांना ती ओटीपोटात त्याच जागी पुन्हा व्हायची. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये त्याचं मूळ दाखवलं. गुदाशयाभोवती चरबीचं वेष्टण असतं आणि त्यातल्या लसिकाग्रंथींत कर्करोगाच्या पेशी दडलेल्या असू शकतात. हाताने ओढून गुदाशय मोकळा करताना हे वेष्टण फाटायचं. हील्ड यांनी ते डोळ्यांसमोर ठेवून, त्याच्याभोवतीच्या पातळ पदराच्या कडेकडेने कापत अखंड काढलं. आधी २० ते ३० टक्के रुग्णांत उलटणारा रोग या पद्धतीने १० टक्क्यांच्या खाली आला. अनेकांची शौचासाठी पोटावर लावावी लागणारी कायमची पिशवीही टळली. शौचातून रक्त जात असेल, तर ते या कर्करोगाचंही लक्षण असू शकतं; मूळव्याध समजून अंगावर काढू नका. लवकर सापडलेली गाठ बरी होण्याची शक्यता सर्वाधिक असते.