थांबलेला आकडा

भोर तालुक्यांतील भाटघर (१९२८) व नीरा-देवघर आणि वेल्हे भागांतील गुंजवणी, या तिन्ही धरणांचें पाणी अखेर नीरेस मिळतें. पावसाळ्यांत नदीकांठचा पंप केव्हां उचलावा, गुरें केव्हां हलवावीं, हें त्यांच्या विसर्गावर ठरतें. कृष्णा-भीमा खोऱ्यांत पाऊस व पाणीपातळीचे आकडे स्वयंचलित मापकांकडून उपग्रह वा मोबाईलद्वारें संगणकावर येण्याची सोय झाली आहे. सोय उत्तम, परंतु संदेश तुटला असतां पडदा कोरा होईलच असें नाहीं. पुष्कळदां शेवटचा आकडा तसाच राहतो आणि वाढतें पाणी स्थिर भासतें.

यास्तव आधीं मोजणीची वेळ पाहावी. पडद्याच्या कोपऱ्यांतील घड्याळ संगणकाचें असतें. त्यावर विसंबूं नये. मग दोष पुढील क्रमानें शोधावा:

१. सर्व केंद्रांची वेळ थांबली असल्यास दोष बहुधा मुख्य संगणकांत वा त्याच्या जोडणींत असतो.

२. एकाच केंद्राची थांबल्यास तेथील बॅटरी, सौरपट्टी व अँटेना तपासावी. ढगाळ हवेंत बॅटरी पुरती भरत नाहीं. मुसळधार पावसांत उपग्रहाचा संदेश क्षीण होतो.

३. वेळ ताजी, बाहेर पाऊस, पण नोंद शून्य असल्यास पर्जन्यमापकाचें नरसाळें पाल्यानें तुंबलें असावें.

संगणक पुन्हां सुरू करण्यापूर्वीं पडद्यावरील सूचना व वेळ टिपून ठेवावी; एरवीं दोषाचा माग पुसला जातो. आणि यंत्र कितीही चांगलें असो, धरणावरील मोजपट्टी डोळ्यांनीं वाचून आकडा दूरध्वनीनें कळविण्याचा प्रघात मोडूं नये. यंत्र मुकें झालें, तरी नदी थांबत नाहीं.