टोल वेगळा

15 ऑगस्ट 2025 पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅगचा वार्षिक पास आला. पहिल्या वर्षीचा भाव असा: 3,000 रुपये भरा, वर्षभरात 200 नाके ओलांडा. म्हणजे नाक्यामागे 15 रुपये. स्वतःची कार असलेला सांगलीकर तेव्हापासून टोलचं नावही काढत नाही. पूर्वी कुणी पुण्याला निघालं की बसल्या जागी चौघे बेरजेला लागायचे. हा पास भाड्याच्या, पिवळ्या पाटीच्या गाडीला मिळत नाही, हे मात्र त्या चौघांपैकी एकाच्याही बोलण्यात येत नाही.

दोन पदरी रस्त्याच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं काही नाही. टोल नव्हता. ट्रकच्या मागे मागे खंबाटकी घाट चढायचा, सुरूरला चहा घ्यायचा आणि टाकी भरली की खर्चाचा विषय संपला. बहुतेक जण एसटीनेच जायचे, त्यांना हिशोब कंडक्टर सांगायचा. मग वाजपेयींच्या सुवर्ण चतुष्कोणाचे दिवस आले, रस्ता चार पदरी झाला आणि त्याच्यावर नाके उभे राहिले.

आमचं दशक साधारण 2005 ते 2015 चं. दारात स्वतःची गाडी नसली तरी गल्लीत एक इंडिका किंवा टवेरा भाड्याने मिळायची. गाडीवाल्याशी बोलणी ठरलेली असत: किलोमीटरचा रेट, दिवसाला किमान तीनशे किलोमीटर, ड्रायव्हर भत्ता, आणि शेवटी ते दोन शब्द, ‘टोल वेगळा’. तिथून घरात खरी चर्चा सुरू व्हायची. सांगली ते पुणे सव्वादोनशेच्या वर किलोमीटर. डिझेल इंडिका सोळाचं अ‍ॅव्हरेज देते म्हणे, पण एसी लावला की दोन कमी, खंबाटकीत आणखी एक कमी. मे 2012 मध्ये पेट्रोल एका झटक्यात साडेसात रुपयांनी चढलं, मुंबईत लिटरला 78 च्या वर गेलं, तेव्हा डिझेल तिथे 45 च्या आसपास होतं. त्या बत्तीस-तेहतीस रुपयांच्या फरकावर अर्ध्या जिल्ह्याने डिझेल गाड्या घेतल्या. जानेवारी 2013 पासून डिझेल महिन्याला पन्नास पैशांनी वाढू लागलं, ऑक्टोबर 2014 मध्ये ते पूर्ण नियंत्रणमुक्त झालं, आणि त्या गाड्या घेण्यामागचं गणित हळूहळू विरघळलं. पण तेव्हा निदान गणित करता यायचं. दर बदलला की पेपरात पहिल्या पानावर यायचा. जून 2017 पासून तो रोज सकाळी बदलू लागला आणि पाठ असलेला दर ही गोष्टच संपली.

टोलचंही तसंच. साताऱ्याचा माणूस पुण्याला निघाला तर आनेवाडी आणि खेड शिवापूर, सांगलीचा निघाला तर त्याआधी तासवडे. चोवीस तासांत परत यायचं असेल तर दीडपट भरून रिटर्न पावती घ्यायची, आणि ती सांभाळायची जबाबदारी पुढच्या सीटवरच्या काकांची. सुट्टे नसले की खिडकीतून चॉकलेट यायचं, त्यावरून मागच्या सीटवर भांडण. पैसे हातातून जाताना दिसत, म्हणून रागही यायचा. पुणे-सातारा सहा पदरीचं काम आणि त्या कामाचा टोल, दोन्ही ऑक्टोबर 2010 मध्ये एकदमच सुरू झाले. मुदत 2013 ची होती, ती टळून वर्षं गेली तरी आम्ही शिरवळपर्यंत डायव्हर्जनमध्ये डिझेल जाळत होतो. पेठ नाका ते सांगली या चाळीसेक किलोमीटरवरच्या खड्ड्यांबद्दल मी काही लिहीत नाही. तिथल्या टायर आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा खर्च एस्टिमेटमध्ये कुणी धरायचा नाही, एवढंच.

त्या रागाला तेव्हा माणसं होती. कोल्हापुरात शहरातल्या रस्त्यांवर टोल बसला तेव्हा आमच्या वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे रस्त्यावर उतरले. पानसरेंवर फेब्रुवारी 2015 मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. तो टोल त्याच वर्षीच्या डिसेंबरात गेला, ते पाहायला पानसरे नव्हते. त्याच वर्षी राज्य सरकारने 12 नाके बंद केले, 53 नाक्यांवर कार-जीप आणि एसटीला सूट दिली. हायवेवरचे आमचे नाके त्यात नव्हते. 2017 च्या कोजागिरीला साताऱ्यात राजघराण्यातल्या दोन्ही राजांचे समर्थक आनेवाडी नाक्यावरून भिडले, पण तो वाद नाका कुणाकडे राहावा याचा होता. टोल किती असावा, हे त्या रात्री कुणीच विचारलं नाही.

फेब्रुवारी 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. रांगा कमी झाल्या, हे मान्य. पैसे कापल्याचा मेसेज मात्र नाका मागे पडल्यावर येतो, तोवर भांडायला समोर कुणी नसतं. दर वर्षी 1 एप्रिलला दर सरकतो, तोही कुणाच्या लक्षात येत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर कार टोलमुक्त झाल्या. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना पास दाखवून आमच्या याच पुणे-सातारा हायवेवर माफी मिळते. त्यांच्या शेजारच्या लेनमध्ये साताऱ्याचा माणूस घरच्या गणपतीला निघालेला असतो, आणि त्याचा टोल कापला जातो.

आता वार्षिक पास आला त्या वर्षीचा हिशोब. पेट्रोल 104 धरलं आणि अ‍ॅव्हरेज सोळाचं, तर सांगली-पुणे एका बाजूला दीड हजाराचं पेट्रोल. पास असलेल्याला तीन नाक्यांचे 45 रुपये. ज्याच्या दारात गाडी नाही, जो आईला पुण्याच्या दवाखान्यात न्यायला टॅक्सी ठरवतो, त्याला त्याच तीन नाक्यांचे दोनशेच्या वर. पेट्रोल दोघांना एकाच भावाने मिळतं, रस्ताही एकच. गाडीवाला आजही एस्टिमेटच्या खाली तेच दोन शब्द लिहितो. फक्त आता ते एकट्या त्याच्याच गिऱ्हाइकाला लागू आहेत.