स्थिर व्यायाम आणि रक्तदाब

पेढीवरील गादीला सकाळी टेकलेली पाठ रात्रीच उठावी, असा आम्हा धान्य व्यापाऱ्यांचा नित्यक्रम. वास्कोतील आमच्या दुकानी याच क्रमात आम्ही साठी गाठली. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सहज दंडाला पट्टा बांधला, तो अंक आला १६४ वर १००. डोके दुखत नव्हते, भोवळ नव्हती. हा विकार मुक्याने येतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत देशातील सुमारे ३५ टक्के प्रौढांस तो असल्याचे आढळले.

डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ व लोणचे-पापड कमी करविले आणि स्थिर व्यायाम सांगितला. सांधा न हलविता स्नायू ताणून धरणे, यास आयसोमेट्रिक व्यायाम म्हणतात. आम्हास नवल वाटले. गोदामात हमाल पोते उचलताना त्याच्या मानेच्या शिरा फुगलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. जोराच्या ताणाने दाब चढतो, हे खरेच आहे. १९८५ साली कॅनडात श्वास रोखून अवजड वजन रेटणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंच्या रोहिणीतील दाब मोजला, तो सरासरी ३२० वर २५० भरला. मग तोच ताण औषध कसा व्हावा?

उत्तर ताणाच्या मात्रेत आहे. बेताच्या ताणाने स्नायूतील रक्तवाहिन्या काही काळ दाबल्या जातात. ताण सोडताच रक्त जोराने परत धावते व त्या रुंदावतात. हे वारंवार घडल्याने त्यांच्या भिंती लवचिक होत असाव्यात, असे तज्ज्ञ मानतात. आसन स्थिर धरण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच. लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी आसनांचा रक्तदाबावरील परिणाम यंत्राने मोजून पाहिला होता. अलीकडे, २०२३ साली, इंग्लंडमधील संशोधकांनी २७० चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले. स्थिर व्यायामाने वरचा दाब सरासरी ८ व खालचा ४ अंकांनी उतरला. चालणे-धावणे यांसारख्या व्यायामाने वरचा सुमारे साडेचार अंकांनी. म्हणून चालणे सोडावे असे मात्र नव्हे.

कृती सोपी आहे. पाठ भिंतीस टेकवून, पावले सुमारे दोन फूट पुढे ठेवून, खुर्चीवर बसल्यागत गुडघे वाकवावे व दोन मिनिटे तसेच राहावे. मग दोन मिनिटे विश्रांती. असे चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. आरंभी थोडेच वाकावे व अर्धा मिनिटच धरावे. गुडघे दुखत असल्यास मुठीने दाबण्याची स्प्रिंग घेऊन एकतृतीयांश जोराने तितकाच वेळ धरावी. श्वास मात्र क्षणभरही कोंडू नये. आम्ही त्यासाठी माप मोजताना म्हणतात तसे 'लाभ, दोन, तीन' मोठ्याने म्हणतो. तोंड चालू राहिले की श्वास अडकत नाही.

तीन महिन्यांनी आमचा अंक १३६ वर ८४ आला. येथे आमची बुद्धी फिरली. भिंत पुरेशी आहे, असे ठरवून आम्ही कोणास न विचारता गोळी बंद केली. महिन्याभराने माल उतरवून घेत असता डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलाने धरले म्हणून आम्ही ट्रकच्या चाकापाशी पडलो नाही. दाब १७८ वर १०६ होता. डॉक्टर म्हणाले, "शेट, उतरलेल्या दाबात गोळीचाही वाटा होता. ती कमी करायची की नाही, हे मला ठरवू द्या." त्या दिवसापासून गोळी व भिंत दोन्ही चालू आहेत.

ज्यांचा दाब १८० वर ११० च्या घरात आहे, ज्यांस हृदयविकार आहे वा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून हा व्यायाम करू नये. इतर बंधु-भगिनींनी प्रथम दाब मोजून घ्यावा आणि मगच भिंतीस पाठ लावावी, एवढीच आमची नम्र विनंती.