सिलिकॉनाची गांठ बांधणारें प्रथिन

विरजणानें दुधाचें दहीं होतें, हें घरोघर ठाऊक आहे. पण त्यांतील खरें काम जंतूंच्या अंगच्या एन्झाइमांचें असतें, इकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. एन्झाइम हें बहुधा एक प्रथिन असतें. तें रासायनिक क्रिया घडवून आणतें, पण स्वतः खर्चीं पडत नाहीं. अमिनो आम्लांचे मणी एका सूत्रांत ओवावे तशी त्याची घडण असते. ही माळ ठराविक रीतीनें गुंडाळली जाऊन तींत एक खळगा तयार होतो, आणि ज्या द्रव्यांवर क्रिया व्हावयाची तीं त्या खळग्यांत येऊन बसतात. आतां श्रोतेहो, यांतील एखादा मणीच बदलला तर? पुष्कळदां कांहींच होत नाहीं, कधीं सगळें काम बिघडतें. पण क्वचित् असें सामर्थ्य उत्पन्न होतें कीं जें सृष्टींत पूर्वीं आढळलेलें नाहीं.

भूकवचांत प्राणवायूच्या खालोखाल सिलिकॉन हें मूलद्रव्य विपुल आहे. नदीकांठची वाळू बव्हंशीं त्याचीच. असें असूनहि त्याचा अणु कार्बनाच्या अणूस थेट जोडणारा एकहि सजीव निसर्गांत ज्ञात नाहीं. असलीं संयुगें माणूसच बनवितो, आणि त्या कामीं त्याला अनेकदां ऱ्होडियमसारख्या महाग धातूंचा आश्रय करावा लागतो.

आइसलंडजवळ समुद्रांतील उष्ण झऱ्यांत ऱ्होडोथर्मस मरायनस नांवाचा जंतु सांपडला. त्याच्या सायटोक्रोम सी या प्रथिनाचा मूळ धंदा हमालाचा: इलेक्ट्रॉन इकडून तिकडे पोंचवावयाचे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींतील फ्रान्सिस आर्नल्डबाई व त्यांचे सहकारी यांना असें दिसलें कीं, योग्य द्रव्यें पुढें ठेविलीं असतां हा हमाल कार्बन-सिलिकॉनाची गांठहि थोडीबहुत बांधतो. या प्रथिनाच्या पोटांत लोहाचा एक अणु असून माळेंतील शंभरावा मणी, मेथिओनिन, त्याला धरून बसलेला असतो. त्याच्या जागीं ॲस्पार्टिक आम्ल येतांच काम बारापट वाढलें! पुढें आणखी दोन मणी बदलले. 2016 सालीं प्रसिद्ध झालेल्या या शोधांतील तीन बदलांचें प्रथिन, त्या क्रियेसाठीं माणसानें केलेल्या उत्तमांतील उत्तम साधनाहून पंधरापटींपेक्षां अधिक काम करणारें ठरलें. शिवाय डाव्या-उजव्या हातांप्रमाणें ज्या रेणूंचीं दोन रूपें संभवतात, त्यांपैकीं जवळजवळ एकच रूप तें तयार करतें.

हे मणी कोणी चिमट्यानें बदलीत नाहीं. डीएनएतील अक्षरें बदलून तें ई. कोलाय या जंतूंत घालावयाचें आणि त्याच्याकडून नवें प्रथिन करून घ्यावयाचें. कोणत्या जागा बदलाव्या हें प्रथिनाची आकृति पाहून ठरवितात. पण तेथें कोणता मणी बसवावा हें येथें गणितानें सांगितलें नाहीं. निरनिराळे मणी बसवून पाहिले, उत्तम तेवढा राखला आणि त्यावर पुढची निवड केली. शेतकरी टपोरीं कणसें निवडून बीं राखतो, तोच हा न्याय. मला तर या शोधांतील अधिक मोलाचा भाग हाच वाटतो. याच पद्धतीसाठीं आर्नल्डबाईंना 2018 सालीं रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा मिळाला.

2024 सालीं त्यांच्याच प्रयोगशाळेंतून याच्या उलट कामाची वार्ता आली. प्रसाधनांत वापरलीं जाणारीं कांहीं सिलॉक्झेन संयुगें हवेंत व पाण्यांत दीर्घकाळ टिकून राहतात. बॅसिलस मेगाटेरियम जंतूच्या एका एन्झाइमांत असेच फेरफार करून त्यांतील सिलिकॉन-कार्बनाची गांठ सोडविण्यांत यश आलें आहे. त्याची गति मात्र अद्यापि फार मंद आहे.