वावरातली रेंज आणि फोनचा ठावठिकाणा

ई-पीक पाहणीसाठी शेतकऱ्याला वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर सुरू झालेल्या या पद्धतीत फोटोबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. वर्धा जिल्ह्यात आष्टी, कारंजा, आर्वीकडच्या चढउताराच्या भागात एखाद्या खोलगट वावरात असं होऊ शकतं, की आपण कुठे उभे आहोत ते फोनला नेमकं कळतं, पण रेंज नसते. जीपीएस फक्त उपग्रहांचे संकेत ऐकतं, त्याला टॉवर लागत नाही. ऐकलेलं पुढे पाठवायचं, तर मात्र टॉवर हवाच.

मग हा ठावठिकाणा रेंज सुधारायलाच का वापरू नये? काही प्रमाणात तो वापरला जातोच. रेडिओलहर सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जाते, तरी दहा किलोमीटरवरच्या फोनचा संकेत टॉवरला पोचायला ३३ मायक्रोसेकंद लागतात. सगळ्यांचे संकेत वेळेवर यावेत म्हणून लांबच्या फोनला टॉवर सांगतो, ‘तू जरा आधी पाठव.’ किती आधी, यावरून अंतर कळतं. फोर-जीमध्ये हा हिशेब सुमारे ७८ मीटरच्या टप्प्यांत होतो. दिशा यातून समजत नाही, पण जोडणी चालू असताना फोन टॉवरपासून किती लांब आहे ते टॉवरला ठाऊक असतं.

चालत्या गाडीत फोन कुठे आणि किती वेगाने चालला आहे, हे कळणं जास्त मोलाचं. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाला. येळाकेळी, विरूळवरून ताशी १२० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ३३ मीटर पुढे सरकते. एका टॉवरकडून दुसऱ्याकडे फोन सोपवायचा, तर बैलाचा कासरा एकाने सोडायच्या आत दुसऱ्याने धरावा लागतो. फोन शेजारच्या टॉवरचा जोर मोजतो आणि तो काही काळ वरचढ राहिला की कळवतो. हे थांबणं फार लांबलं, तर वेगातला कॉल तुटतो. फार आखूड ठेवलं, तर दोन टॉवरांच्या मध्ये उभ्या माणसाचा फोन विनाकारण इकडून तिकडे उड्या मारत राहतो. म्हणून ठरावीक वेळात किती टॉवर बदलले, हे मोजून फोन आपला वेग ओळखतो आणि त्याप्रमाणे थांबण्याचा काळ कमी करू शकतो. फाइव्ह-जीच्या मानकांच्या २०२०मध्ये पूर्ण झालेल्या आवृत्तीत टॉवर आधीच सांगून ठेवू शकतो, की अमुक स्थिती आली की तुझा तू पलीकडे जा. उपग्रहावरून चालणाऱ्या सेवेसाठी तर नंतरच्या मानकांत फोन कोणत्या जागी आहे, हीच ती अट ठेवता येते.

पण मला खरं महत्त्व वाटतं ते दुसऱ्याच सोयीचं. रेंज तपासायची रूढ पद्धत म्हणजे गाडीत यंत्र ठेवून रस्त्याने फिरणं. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ही अशा चाचण्या घेतं. त्यात वर्धा-नागपूरसारखा मोठा रस्ता मोजला जाईल. पांदणीच्या टोकाचं वावर आणि बोर व्याघ्र प्रकल्पाच्या कडेची वस्ती सुटण्याची भीती राहते. हिंगणघाट-समुद्रपूरच्या सपाट काळ्या मातीत एका टॉवरचा आवाका मोठा असतो. बोरच्या टेकड्यांत तोच एका उंचवट्याने संपतो. त्यात सागाचं रान. पावसाळ्यात हिरव्या, ओल्या पानांतून संकेत जास्त क्षीण होतो, आणि उन्हाळ्यात पानगळीनंतर केलेली मोजणी ऑगस्टमध्ये कामाची राहत नाही.

यावर २०११च्या सुमारास फोर-जीच्या मानकांत उपाय आला. ग्राहकाचा फोनच जाईल तिथला संकेत जागेसह टिपून ठेवतो आणि नंतर जोडणी झाली की पाठवतो. संपर्क कुठे तुटला, त्याचीही नोंद देता येते. म्हणजे शेताच्या धुऱ्यावर तुटलेला कॉल नकाशावर एक ठिपका होऊ शकतो. असे ठिपके जिथे दाटतात, तिथे अँटेनाची दिशा किंवा झुकाव बदलायचा की नवा टॉवर उभारायचा, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. ही सोय मानकांत असली, तरी ती चालू करायची की नाही हे कंपनी ठरवते. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात ती चालू असायलाच हवी, आणि निष्कर्ष ग्रामपंचायतीपर्यंत पोचायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. ट्रायच्या २०२४च्या नियमांनी कंपन्यांना कुठे कोणती सेवा मिळते त्याचे नकाशे संकेतस्थळावर द्यायला लावले आहेत. तो नकाशा आपल्या गावावर आणून पाहावा. रंग भरलेला असून वावरात रेंज नसेल, तर गट क्रमांक आणि अक्षांश-रेखांशासह तक्रार करावी. ‘आमच्याकडे टावर पकडत नाही’ या तक्रारीपेक्षा ती अधिक कामाची ठरते.

ठावठिकाणा ही माणसाची खासगी गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं, आणि या नोंदींसाठी ग्राहकाची संमती हवी, ही तरतूद मानकांतही आहे. ती संमती कंपन्यांनी सोप्या मराठीत मागावी, कधीही परत घेता येईल अशी ठेवावी, आणि त्या माहितीवरून कोणत्या गावात काय सुधारलं तेही लोकांना कळवावं.