आभाळातून रडीचा डाव

लहानपणी गल्लीत कुणी लबाडी केली की ‘रडीचा डाव’ म्हणून सगळे त्याच्यावर तुटून पडायचे आणि तेवढ्यावर भागायचं. आता लबाडीही आधुनिक झाली! २२ जुलै २०२४ रोजी, पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर, फ्रान्समधल्या सेंत-एतिएनला आपल्या न्यूझीलंडच्या मुलींचा, म्हणजे ‘फुटबॉल फर्न्स’चा सराव चालू असताना डोक्यावर ड्रोन घिरट्या घालताना दिसला. उडवणारा निघाला कॅनडाच्या संघाचा कर्मचारी. आणि तीनच दिवसांनी सामना ह्याच दोन संघांचा!

आम्हा इंजिनिअर मंडळींना ड्रोन म्हणजे पूल नि छपरं तपासायचं साधन. दोष त्याचा नाही. पण कॉर्नर, फ्री किक कशी घ्यायची हे सरावात ठरतं. ते चोरून पाहणं म्हणजे परीक्षेचा पेपर फोडणंच की!

फिफाने कॅनडाचे ६ गुण कापले, २ लाख स्विस फ्रँक दंड केला. प्रशिक्षक बेव्ह प्रीस्टमन आणि दोघा सहकाऱ्यांवर वर्षाची बंदी घातली. गटात सामने तीनच, म्हणजे ९ पैकी ६ गुण गेले. तरी कॅनडाच्या मुली तिन्ही सामने जिंकून पुढच्या फेरीत पोचल्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं त्यांच्याबद्दल वाटतं खरं. पण चोरीचा फायदा संघाला होणार असेल, तर भुर्दंडही संघालाच हवा. आपल्या पदरात मात्र काहीच पडलं नाही: आपण त्यांच्याशी २-१ हरलो, पुढचे दोन्ही सामनेही हरलो.

गंमत पुढेच आहे. बंदी संपताच, जुलै २०२५ मध्ये, प्रीस्टमनबाईंना वेलिंग्टन फिनिक्सने आपल्या महिला संघाच्या प्रशिक्षक नेमलं. म्हणजे आपल्याच राजधानीत! आम्हाला ह्यात वावगं वाटत नाही. शिक्षा भोगून झाली, की माणसाला काम मिळायला हवं.

शिवाय आपण तरी कुठे धुतल्या तांदळासारखे? १ फेब्रुवारी १९८१ ला मेलबर्नमध्ये ट्रेव्हर चॅपेलने ब्रायन मॅकेक्नीला सरपटी चेंडू टाकला, हे इथे अजून ऐकवलं जातं. पण १९७८ साली कार्डिफला वेल्सविरुद्ध रग्बीत अँडी हेडन धक्का बसल्याचं सोंग करून पडला होता. आपण १३-१२ जिंकलो, आणि जिंकून देणारी किक मारली ह्याच मॅकेक्नीने! पेनल्टी दुसऱ्याच नियमभंगाची होती, असं रेफ्री सांगत. असेल, पण सोंग ते सोंगच. ते आपण सहसा आठवत नाही.

तेव्हा मंडळी, शनिवारी सकाळी थर्मास घेऊन मैदानाच्या कडेला उभे राहाल तेव्हा ‘जिंकलास का?’ जरूर विचारा. पण आपलाच मुलगा ‘सर, त्याने पाडलं नाही, मीच पडलो’ म्हणाला, तर पहिली टाळी आपली हवी.