गो-कार्टची परीक्षा वळणावर

प्रतिनिधी, कल्याण

नळ्यांचा सांगाडा, छोटे इंजिन आणि चार चाके जमली की गो-कार्ट तयार, असा अभियांत्रिकीच्या अनेक विद्यार्थ्यांचा समज असतो. डोंबिवली एमआयडीसी जवळ असल्याने नळी वाकवणे, वेल्डिंग ही कामे कल्याणच्या मुलांना अवघड नाहीत. कसोटी लागते ती वळणावर.

आर्ट इंगेल्स यांनी 1956 मध्ये अमेरिकेत पहिली कार्ट बांधली. तेव्हापासून या गाडीला सहसा स्प्रिंग नसतात, डिफरन्शियलही नसतो. मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर असल्याने सारखीच फिरतात. वळणात मात्र बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. त्यामुळे आतले मागचे चाक किंचित उचलले गेले नाही, तर कार्ट वळण सोडून सरळ जाऊ पाहते. ही उचल पुढच्या किंगपिनच्या तिरपेपणातून मिळते. सांगाडा फार लवचीक असेल तर ती त्यातच जिरते. फार ताठ असेल तर खडबडीत जागी चाके उसळतात. मजबुतीच्या हौसेने जाड नळ्या वापरणारे हे विसरतात.

यंत्राविना तपासणी शक्य आहे. चालकाला बसवून स्टिअरिंग पूर्ण वळवावे आणि आतल्या मागच्या चाकाखाली कागद सरकतो का, ते पाहावे. चाचणी मात्र बंद मैदानातच घ्यावी. सार्वजनिक रस्त्यासाठी ही गाडी नव्हे.